सेगवे गेली, गुडघे राहिले

प्रति,
मा. महापौर आणि महानगर परिषद,
मारियान्स्के नामेस्ती, प्राग



2016 च्या जुलैत तुमच्या परिषदेनं जुन्या प्रागमधून सेगवे हद्दपार करायचं ठरवलं. आद्रियाना क्रनाचोव्हा तेव्हा महापौर होत्या. वर्ष संपता संपता पाट्या लागल्या, अंमल सुरू झाला, आणि हेल्मेट घातलेल्या पर्यटकांच्या त्या रांगा ओल्ड टाऊन आणि माला स्त्रानाच्या गल्ल्यांतून दिसेनाशा झाल्या. मी त्या बंदीच्या बाजूची आहे. ती कधीही उठवू नका. तरीही हे पत्र तक्रारीचंच आहे, कारण तुम्ही एका यंत्राला बाहेर काढलंत आणि प्रश्न मिटला असं धरून चाललात.

ज्यांनी त्या सहली पाहिल्या नाहीत अशा वाचकांसाठी थोडं सांगते. सेगवे म्हणजे दोन चाकं, मधे उभं राहायला पाट, समोर हँडल. पर्यटकानं पैसे भरायचे, एखाद्या बोळात पंधरा-वीस मिनिटं सराव करायचा आणि गाईडच्या मागे एका रांगेत शहर बघायला निघायचं. बंदीच्या आधी मी प्रागला होते तेव्हा अशा बऱ्याच रांगा पाहिल्या. स्वारांचे चेहरे वरातीत पहिल्यांदाच घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखे: मान ताठ, हसू ओढूनताणून आणलेलं, सगळं लक्ष पडायचं कसं नाही याकडे. ओल्ड टाऊनच्या चौकातल्या 1410 सालच्या खगोलीय घड्याळाकडे मान वर करून बघायची त्यातल्या फार थोड्यांची हिंमत व्हायची. शहर दाखवण्यासाठी निघालेली सहल आणि शहर सोडून सगळं बघणारे प्रवासी, ही त्या धंद्यातली खरी गंमत होती.

रहिवाशांना ती गंमत वाटत नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं. सेगवे सोपी वाटते ती तिच्या पोटातल्या जायरोस्कोपमुळे. उभ्या माणसाचा तोल पुढे गेला की यंत्र ते सेकंदाला शंभरेक वेळा टिपतं आणि चाकं पुढे पळवून त्याच्या पायाखाली आणतं. मागे झुकलं की वेग कमी. ब्रेक नावाची वस्तूच नाही. घाबरलेला माणूस आपोआप अंग आखडतो, हँडल घट्ट धरून पुढे वाकतो. थांबायला त्याच्या नेमकं उलट करावं लागतं, आणि पंधरा मिनिटांच्या शिकाऊ स्वाराला ऐन वेळी ते सुचत नाही. गाडीचं वजन 47 किलोच्या आसपास, वेग ताशी 20 किलोमीटरपर्यंत. तिच्यावर 75 किलोचा माणूस उभा करा आणि ताशी 5 किलोमीटरनं पायी चालणाऱ्या तेवढ्याच वजनाच्या माणसाशी ताडून बघा. धडकेची ऊर्जा सव्वीस पट होते. गाईड कुणाला पूर्ण वेगानं जाऊ देत नसत, मान्य. अर्धा वेग धरला तरी ती सहा पटींच्या वर जाते. चार्ल्स ब्रिज दहा मीटरसुद्धा रुंद नाही. दोन्ही कडांना तीस पुतळे, त्यांच्या पायथ्याशी चित्रं विकणारे, मधे जगभरची गर्दी, आणि पायाखाली पाऊस पडला की निसरडे होणारे घडीव दगड. तिथे हे गणित कागदावर राहत नाही.

प्राग 1 या मध्यवर्ती भागात आज जेमतेम तीसेक हजार रहिवासी उरलेत. 2024 साली शहरातल्या हॉटेलांत आणि इतर निवासांत उतरलेल्या पाहुण्यांचा आकडा 80 लाखांच्या पुढे गेला. लेखक यान नेरुदा माला स्त्रानात वाढला आणि 1878 साली त्यानं तिथल्या घरमालकिणी, भाडेकरू, दुकानदार, विक्षिप्त म्हातारे यांच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. आज त्याच्या नावाच्या नेरुदोवा रस्त्यावर उभं राहून अशी माणसं शोधायला गेलं तर सापडतात मुख्यतः फ्रिजवरची चुंबकं विकणारी दुकानं. जे थोडे रहिवासी टिकून आहेत त्यांना दारातून पाऊल टाकताना आधी डावी-उजवीकडे बघावं लागत असेल तर त्या फुटपाथला फुटपाथ का म्हणायचं?

इथवर आपलं एकमत आहे. भांडण पुढे आहे.

2016 मध्येच तुमच्या देशाच्या रस्ते कायद्यात एक नवं कलम आलं. सेगवेवर उभ्या माणसाची गणना तोवर पादचाऱ्यांतच होत होती. नव्या कलमानं फुटपाथवर चालण्याच्या वेगाची अट घातली आणि अशा वाहनांना ठरावीक भागात मनाई करायचा अधिकार शहरांना दिला. वाहनाचं मुख्य वर्णन केलं ते असं: स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारं वैयक्तिक वाहन. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सेगवे होती, म्हणून त्यांनी सेगवेचं लक्षण लिहिलं. पण फुटपाथवरच्या आजीबाईंना धक्का लागतो तो गाडीच्या वजनानं आणि वेगानं. गाडी आपला तोल आपण सांभाळते की नाही याच्याशी त्या धक्क्याचा संबंध काय?

व्हायचं तेच झालं. बंदी आल्यावर धंदेवाल्यांनी सेगवे गोदामात टाकल्या आणि जाड टायरांच्या विजेच्या स्कूटर आणल्या. त्या तोल सांभाळत नाहीत, म्हणून त्या सेगवे नाहीत, म्हणून त्या चालतात. पर्यटक तेच, गाईड तेच, गल्ल्या त्याच. 2018 मध्ये मोबाईलवरून भाड्यानं मिळणाऱ्या ई-स्कूटर आल्या आणि फुटपाथवर आडव्या पडू लागल्या. त्यांना 2026 पासून निरोप द्यायचं ठरवायला तुम्हाला सात-आठ वर्षं लागली. उद्या चौथं काहीतरी येईल. एका चाकाचं असेल, चार चाकांचं असेल, शेन्झेनच्या कुठल्याशा कारखान्यात आत्ता जुळणीला असेल. त्याच्यासाठी पुन्हा पाटी, पुन्हा ठराव, पुन्हा धंदेवाल्यांची ओरड?

आणि ज्या सेगवेसाठी हे सगळं केलंत तिचा स्वतःचा शेवट कसा झाला ते बघा. डीन केमन यांनी 2001 च्या डिसेंबरात ती जगापुढे आणली तेव्हा शहरांची रचनाच बदलेल अशी हवा होती. 2015 मध्ये कंपनी बीजिंगच्या नाइनबॉटनं विकत घेतली आणि 2020 च्या जुलैत त्या मूळ गाडीचं उत्पादन थांबलं. वीस वर्षांत दीडेक लाखसुद्धा खपल्या नाहीत. तुमच्या पाटीवरचं चित्र आज कारखान्यातून बाहेर न पडणाऱ्या गाडीचं आहे.

यंत्रावर न जाता नियम कसा करायचा, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. 2024 च्या शरदात तुम्ही रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात बारमधून बारमध्ये नेणाऱ्या गाईडेड सहलींवर बंदी घातलीत. प्रागमध्ये बिअरवर बंदी घालायचं स्वप्नही कुणाला पडणार नाही. चार मित्रांनी रात्री अकराला बाहेर पडून प्यायलं तर त्यांना कुणी अडवत नाही. तुम्ही हात घातलात तो पैसे घेऊन जथा फिरवण्याच्या धंद्याला, आणि तोही नेमक्या वेळी. हा नियम मला तुमच्या अलीकडच्या नियमांत सगळ्यात शहाणा वाटतो. तोच साचा चाकांना लावा. ठरावीक भागात पादचाऱ्यांच्या जागेवरून मोटरचं कुठलंही भाड्याचं वाहन घेऊन जथा फिरवायचा नाही, बस्स. मोटर विजेची की आणखी कसली, चाकं किती, तोल कोण सांभाळतं, हे विचारूच नका. शेजारच्या जर्मनीनं 2009 मध्ये सेगवेसाठी वेगळा नियम केला होता. 2019 मध्ये त्या जागी व्यापक नियम आणला: ताशी 20 किलोमीटरची कमाल मर्यादा, विम्याची पट्टी, सायकलच्या मार्गावरून जायचं, फुटपाथवर चढायचं नाही. सेगवे आणि स्कूटर दोघी एकाच चौकटीत बसल्या. भाड्याच्या स्कूटरांनी बर्लिनकरांचं डोकं उठवलं ते उठवलंच, पण निदान नावांचा लपंडाव तरी संपला.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात लिहायला बसले ती.

सेगवेच्या सहलीत सगळेच हौशी तरुण नसत. साठी-सत्तरीची जोडपीही असत. प्रागची फरसबंदी सुंदर आहे आणि गुडघ्यांची वैरीण आहे. किल्ला टेकडीवर, नेरुदोवाची चढण धाप लावणारी, किल्ल्याचे जुने जिने त्याहून वाईट. अशा माणसांना तीन तासांत सगळं दाखवू असं कुणी म्हटलं की ती पैसे मोजणारच. गंमत म्हणजे सेगवेचा जन्मच या गरजेतून झाला. केमन यांनी आधी आयबॉट नावाची व्हीलचेअर बनवली होती, दोन चाकांवर उभी राहणारी आणि जिने चढणारी. तिच्यातली तोल सांभाळायची युक्ती पुढे सेगवेत आली. अमेरिकेत जखमी सैनिकांना सेगवे भेट देणारी सेग्ज फॉर व्हेट्स नावाची संस्थाही निघाली. चालता न येणाऱ्यांसाठी शोधलेली युक्ती चालायचा कंटाळा असलेल्यांना भाड्यानं मिळू लागली, आणि बंदी आली तेव्हा दोघेही एकाच पाटीखाली अडले.

यात आमचा मराठी माणसांचा संबंध आहे. आमच्याकडून युरोपला जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी असते. आयुष्यभराची बचत, मुलांनी दिलेली भर, पिशवीत गुडघ्याचे पट्टे. प्रत्येक बसमध्ये एक तरी मावशी असतात ज्या चढ दिसला की म्हणतात, ‘तुम्ही या बघून, मी इथेच बसते.’ शिवाय प्रागला येणारा एक वेगळा मराठी प्रवासीही आहे. कार्मेलित्स्का रस्त्यावरच्या तुमच्या चर्चमध्ये बाळ येशूची जी छोटी मूर्ती आहे, पोलिक्सेना लॉबकोविच यांनी 1628 मध्ये कार्मेलाइटांना दिलेली, तिच्याच भक्तीतून आमच्या नाशिकरोडला बाळ येशूचं देऊळ उभं राहिलं. दर फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्याहून माणसं येतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. या भाविकांपैकी ज्यांना जमतं ते एकदा तुमच्याकडचं मूळ दर्शन घ्यायला येतात. ती तरुण माणसं नसतात. त्यांच्यासाठी प्राग म्हणजे आधी ते चर्च आणि मग बाकीचं.

या लोकांना सेगवे नको आहे. त्यांना ट्राम हवी आहे, आणि ती तुमच्याकडे आहेच. बाळ येशूच्या चर्चपासून हेलिखोवाचा थांबा दोन-चार मिनिटांवर. तिथून 22 नंबर वळणं घेत टेकडीवर चढते, किल्ल्याच्या पाठीमागे थांबते आणि आणखी वर पोहोरेलेत्सला जाते. जगातल्या कुठल्याही शहराला हेवा वाटावा असा मार्ग, तोही साध्या तिकिटात. पण हे पर्यटकाला सांगतं कोण? चार्ल्स ब्रिजवर उभ्या माणसाला स्कूटरची जाहिरात दिसते, जुन्या मोटारीची दिसते. ट्रामच्या थांब्याकडे बोट दाखवणारी पाटी शोधावी लागते. 1891 मध्ये सुरू झालेली, पेत्रीनच्या टेकडीवर चढणारी फ्युनिक्युलर रेल्वेही 2024 मध्ये नूतनीकरणासाठी बंद करावी लागली. थकलेल्या पायांचे हक्काचे पर्याय कमी झाले की भाड्याच्या चाकांचा धंदा वाढतो, हे एवढं उघड आहे.

म्हणून मागणी थोडक्यात. सेगवेची बंदी ठेवा, पण तिच्यातलं सेगवेचं नाव काढून धंद्याचं नाव घाला. पायांनी अधू असलेला माणूस स्वतःच्या एकट्याच्या वाहनावर जात असेल तर त्याला जाता येईल, हे त्याच पाटीवर चेक आणि इंग्रजीत छापा. त्याला दंडाच्या भीतीनं हॉटेलात बसवू नका. पुलाच्या दोन्ही टोकांना, घड्याळाखाली आणि बाळ येशूच्या चर्चच्या दारात ट्रामचा नकाशा लावा: कुठे चढायचं, कुठे उतरायचं, किती पायऱ्या. आणि नेरुदोवाच्या चढावर दर शंभर पावलांवर एक बाक ठेवा. रस्ता अरुंद आहे हे मला माहीत आहे. चुंबकांचे स्टँड तिथे मावतात, तेव्हा बाकही मावेल.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर प्रागला निघालेल्या वाचकांनी एवढं करावं. किल्ला चढू नका. 22 नंबरनं थेट पोहोरेलेत्सला उतरा, स्त्राहोवचा मठ बघा, मग लोरेटा या तीर्थस्थळावरून किल्ल्यात या आणि नेरुदोवानं सावकाश खाली उतरा. उतारावर दगड निसरडे असतात, बूट रबरी तळाचे घाला. आणि मावशींना सोबत घ्या, त्यांना खाली बसवून जाऊ नका.

आपली,
एक मराठी प्रवासी