शिबिरात कुत्र्यालाही अर्धा तास द्या

गावोगावी दूध संस्थांच्या दारात जनावरांची शिबिरं होतात. लाळ्या-खुरकूत, स्तनदाह, वांझपणा, सगळ्यावर डॉक्टर बोलतात. दुधावर चालणारा जिल्हा आपला, ते बोललंच पाहिजे. पण त्याच गोठ्याच्या दारात रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मंडळी, उसाच्या फडात माणसाच्या पुढं कुत्रं पळतं. घोणस डसली तर बऱ्याचदा त्यालाच. मग आपण काय करतो? डसल्या जागी ब्लेड मारतो, पाय दोरीनं आवळतो, वर कांद्याचा रस पाजतो. यातलं एकही करू नये. आवळून पाय मात्र कामातनं जातो. कुत्र्याला चालवू नका. पोत्यावर निजवा, दोघांनी उचला आणि थेट पशुवैद्यकाकडं न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर माणसाला जे इंजेक्शन देतात, तेच कुत्र्यालाही देतात.

विषबाधेत तर घोळ आणखी मोठा. झटके येणाऱ्या कुत्र्याच्या नरड्यात मिठाचं पाणी, ताक, तेल, हाताला लागेल ते ओततात. ते फुफ्फुसात उतरलं तर विषाआधी तेच जीव घेतं. त्यापेक्षा विषाची पुडी नाहीतर डबा पिशवीत घालून सोबत न्या. काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालतं, उंदरांच्या झिंक फॉस्फाइडवर चालत नाही. पुडी दिसली की डॉक्टरांचा चाचपडण्यातला वेळ वाचतो. आणि घरातली तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, त्यानंही कुत्री मरतात.

कोयता लागला, रक्त थांबेना, तर स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून बघायचं नाही. कुत्रं कळवळत असेल तर आधी तोंडाला फडक्याची पट्टी बांधा; दुखण्यात ते मालकालाही चावतं. ओकत असेल, धापा टाकत असेल तर मात्र बांधू नका.

पिसाळल्याचा संशय असेल तिथं माया बाजूला ठेवा, हातच लावू नका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे शिकवायला अर्धा तास पुरतो, वेगळा खर्च नाही. पुढच्या शिबिराची तारीख फळ्यावर लागली की सचिवांना विचारा, कुत्र्याचं काय ठेवलंय?