मौन कुणाचे आणि लपवाछपवी कुणाची?

रहस्यकथेविषयी लिहिताना शेवट सांगू नये, असा संकेत आहे. ॲलेक्स मायकेलिडीस यांच्या ‘द सायलेंट पेशंट’ या कादंबरीपुरता तो आम्ही पाळणार नाही, कारण आमचे भांडणच तिच्या शेवटाशी आहे. ज्यांना तो धक्का कोराच हवा असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग, राग शिल्लक असल्यास, आमच्याकडे यावे.

फेब्रुवारी 2019 मध्ये ही लेखकाची पहिलीच कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लगोलग ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तेव्हापासून तिच्याविषयी दोनच सूर ऐकू येतात. एका पक्षाच्या मते ती मनाच्या तळाचा ठाव घेणारी थोर मानसशास्त्रीय कादंबरी आहे. दुसरा पक्ष नाक मुरडून म्हणतो, की आगगाडीत वाचायच्या पुस्तकाची एवढी चिकित्सा कशाला? आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला पक्ष पुस्तकाला नसलेली खोली बहाल करतो. दुसरा त्याच्यात खरोखर असलेल्या चार गोष्टींकडेही पाहत नाही आणि पर्यायाने थरारकथेला सगळेच माफ करून टाकतो.

कथा अशी. ॲलिशिया बेरेन्सन ही लंडनमधील चित्रकर्ती. तिचा नवरा गॅब्रिएल हा फॅशनच्या दुनियेतला नावाजलेला छायाचित्रकार. एका रात्री तो खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सापडतो. चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडलेल्या, आणि जवळच मनगटे कापलेली ॲलिशिया. त्या रात्रीपासून ती एक शब्दही बोलत नाही. बोलण्याऐवजी ती एक चित्र तेवढे काढते, स्वतःचेच, आणि त्याला नाव देते ‘अल्सेस्टिस’. पुढे सहा वर्षांनी, तिला ठेवलेल्या ‘द ग्रोव्ह’ या बंदिस्त मनोरुग्णालयात थिओ फेबर नावाचा मानसोपचारक मुद्दाम नोकरी मिळवून येतो. तिला बोलते करायचे हा त्याचा ध्यास. कथा तोच सांगतो, आणि मधून मधून ॲलिशियाची रोजनिशी येते.

पुस्तकाचा पूर्वार्ध चांगला आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. औषधांनी बधिर केलेल्या बाईसमोर थिओ नुसता बसून राहतो ती पाने आम्हांस फार आवडली. समोरचा माणूस बोलत नसला तरी त्याची भावना ऐकणाऱ्याच्या अंगात उतरते, आपल्याला अकारण वाटू लागलेले दुःख वा संताप हा त्याचाच असू शकतो, हे मनोविश्लेषणातले मर्म लेखकाने पाठ्यपुस्तकी न होता मांडले आहे. मनोरुग्णालयात काम केल्याचा अनुभव मायकेलिडीस यांच्या गाठीशी आहे आणि तो तेथे जाणवतो. त्याहून मोलाचा आहे ॲलिशियाच्या बालपणीचा प्रसंग. आई मोटार अपघातात गेलेली, मुलगी वाचलेली. आणि बाप बोलून जातो, की हिच्याऐवजी ती का गेली, ही का नाही. मुलीच्या कानांवर ते पडते. एका वाक्याने माणूस आतून मरू शकतो, ही जाणीव ज्या लेखकाला आहे त्याच्याकडून आम्ही पुष्कळ अपेक्षा केली तर आमचे काय चुकले?

अपेक्षा वाढायला आणखी एक कारण म्हणजे ते चित्राचे नाव. युरिपिडीसचे ‘अल्सेस्टिस’ हे नाटक इसवी सनापूर्वी 438 मधले. राजा ॲडमेटस याला मरण टळू शकते, पण त्याच्या बदली दुसरे कोणी मरायला तयार हवे. म्हातारे आईबाप नकार देतात. बायको तयार होते. पुढे हेराक्लीस तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतो. ती घरात येते, बुरख्याआड उभी राहते, आणि बोलत नाही. तीन दिवस तिने बोलायचे नाही, असे विधीचे कारण नाटकात दिले आहे. पण प्रेक्षकाला ते पुरत नाही. ती बोलली असती तर काय बोलली असती, हा प्रश्न अडीच हजार वर्षे तसाच लोंबकळत आहे. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून सावित्रीची कथा पडली आहे त्यांना तर हे मौन अधिकच टोचावे. आमची सावित्री यमाच्या मागोमाग चालत बोलत राहते, आणि बोलण्यानेच नवरा परत मिळवते. शिवाय सत्यवानाने तिच्याकडे काहीही मागितलेले नव्हते. ॲडमेटसने मागितले होते.

एवढी सामग्री हाताशी असताना मायकेलिडीस करतात काय? कथेत थिओच्या घरचा एक धागा आहे. बायकोचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध असल्याचे त्याला कळते, आणि तो त्या पुरुषाचा माग काढू लागतो. हे सारे रुग्णालयातल्या घटनांच्या बरोबरीने घडत आहे, अशा बेताने प्रकरणे लावलेली आहेत. वस्तुतः ते सहा वर्षांपूर्वीचे आहे. तो पुरुष म्हणजे गॅब्रिएल. ॲलिशियाच्या रोजनिशीत घरावर पाळत ठेवणारा जो अनोळखी माणूस येतो तो म्हणजे थिओ. त्या रात्री थिओनेच दोघांना बांधले आणि गॅब्रिएलला निवड करायला सांगितले, मरायचे कुणी, तू की तुझी बायको? गॅब्रिएलने स्वतःचा जीव मागितला. थिओ छतावर गोळी झाडून निघून गेला, आणि पुढचे ॲलिशियाने केले.

धक्का जबर आहे, यात वाद नाही. दुसऱ्यांदा वाचताना दुवेही सापडतात. रोजनिशीला तारखा आहेत, थिओच्या घरच्या प्रकरणांना नाहीत. पण ही लपवाछपवी कुणाची? ॲगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये (1926) निवेदकच खुनी निघाला तेव्हा फसवणुकीची ओरड झाली होती. तिथे मात्र डॉ. शेपर्ड प्रत्यक्ष कागदावर हकिगत लिहीत असतो, पोइरोचे अपयश नोंदवून ठेवण्याच्या गुर्मीत. लपवणे हा त्याचा स्वभाव आणि त्याची गरजही आहे. गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’मध्ये (2012) बायकोची रोजनिशी खोटी असते, कारण ती पोलिसांच्या हाती पडावी म्हणूनच रचलेली असते. दोन्हीकडे खोटे बोलणारे पात्र आहे आणि त्याच्या खोटेपणातून ते पात्रच आपल्याला कळते. थिओ कुणाला सांगतो आहे? कशासाठी सांगतो आहे? तारीख लपवून त्याला काय साधायचे आहे? कादंबरीकडे याचे उत्तर नाही. लपवतो आहे तो लेखक, आणि पात्राच्या तोंडून लपवतो आहे.

बरे, या लपवण्याची किंमत तरी वाजवी आहे का? आपणच ज्या बाईचे आयुष्य उद्ध्वस्त केले तिला बरे करायला निघालेला माणूस, ही कल्पना केवढी भयंकर आहे! त्याला क्षमा हवी आहे, की तिचे मौन कायमचे राहील याची खात्री? तिला बोलते करणे म्हणजे स्वतःचा गुन्हा वदवून घेणे, हे ठाऊक असूनही तो रोज तिच्यासमोर जाऊन बसतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते? ती बोलू लागते आणि ओळख पटल्याचे त्याच्या ध्यानी येते, तेव्हा तो तिला मॉर्फिन टोचतो. म्हणजे या प्रश्नांचे उत्तर कृतीतून मिळते, पण मन मात्र आपल्यासमोर कधीच उघडत नाही. उघडणार कसे? उघडले असते तर धक्का उरला नसता. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’मध्ये (1955) खुनी कोण हे क्षणभरही लपवले नाही. टॉम रिप्लेच्या मनात आपल्याला कोंडून ठेवले, आणि त्यानेच घाम फुटतो. ‘मानसशास्त्रीय’ हे विशेषण त्या पुस्तकाने कमावले आहे. इथे मानसशास्त्र आहे ते पूर्वार्धात. उत्तरार्धात वेळापत्रकाची युक्ती आहे.

ॲलिशियाच्या मौनाचेही तेच. ती पहिल्याच आठवड्यात बोलली असती तर पुस्तक तिथेच संपते. तिने गप्प राहणे ही प्रथम कथानकाची सोय आहे, शोकांतिका नंतर. बाप आणि नवरा या दोघांनीही आपले मरण पत्करले, ही तिची जखम खरी आहे. पण बंदुकीसमोर बांधलेल्या माणसाचे ‘मला मरायचे नाही’ हे शब्द बापाच्या त्या वाक्याच्या तोडीचे ठरतात का, हा अवघड प्रश्न लेखक विचारतच नाही. तो तिच्यावर निर्णय लादतो आणि पुढे सरकतो.

थिओच्या उपचारपद्धतीविषयी एक गोष्ट राहते. हा गृहस्थ रुग्णाला न विचारता तिच्या दिराकडे, चुलतभावाकडे, शेजारणीकडे आणि चित्रविक्रेत्याकडे जाऊन चौकशा करतो. तो खलनायक आहे, तेव्हा त्याचे वर्तन जाणूनबुजून अनैतिक रंगवले आहे, असा बचाव केला जातो. वरिष्ठ त्याला समज देतात, हेही खरे. पण प्रत्येक भेटीत एक धागा हाती लागतो आणि वाचक त्याच्या चातुर्यावर खूश होत पान उलटतो. डॉक्टरला सांगितलेले घरी कळेल, या धास्तीने आजही आपल्याकडे कितीतरी माणसे मानसोपचाराची पायरी चढत नाहीत. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क असल्याचे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहावे लागले आहे. उपचार म्हणजे गुपित उकरून काढण्याची हेरगिरी, ही समजूत घेऊन जो वाचक पुस्तक मिटतो त्याला शेवटची काही पाने त्यातून बाहेर काढत नाहीत.

तरी हे पुस्तक वाचू नका, असे आम्ही म्हणणार नाही. बापाच्या त्या वाक्यासाठी ते वाचावे, आणि थिओ गप्प बसतो त्या पानांसाठी. शेवटच्या प्रसंगापाशी मात्र किंचित थांबावे. ॲलिशिया तेव्हा बेशुद्धावस्थेत आहे. तिची शेवटची नोंद पोलीस अधिकारी मोठ्याने वाचू लागतो, ऐकायला समोर थिओ बसलेला आहे, आणि तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत असतो. तिचे सर्वांत महत्त्वाचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते एका पुरुषाच्या आवाजात, दुसऱ्या पुरुषासाठी.