गाडीला भरपाई मिळते, माणसाला का नाही?

गेल्या पावसाळ्यात न्हावरे-चौफुला रस्त्यावर चहाला थांबलो होतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावली होती. चहा घेऊन परत आलो तर मागचा दरवाजा आत गेलेला आणि आरसा तुटून खाली पडलेला. ठोकणारा थांबला नव्हता. टपरीवाला म्हणाला, "पिकअप होती बहुतेक. नंबर कुठला बघतोय?"

विमा कंपनीच्या अ‍ॅपवर पॉलिसी नंबर टाकला, चार फोटो चढवले आणि काय घडलं ते चार ओळींत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर गॅरेजवर येऊन गाडी पाहून गेला. आठवड्याभरात गाडी दुरुस्त होऊन हातात आली. बिल २८ हजारांचं झालं, त्यातले साडेतेवीस हजार कंपनीने भरले. ठोकणारा सापडला का, हे मला कोणीही विचारलं नाही.

त्याच पट्ट्यात माझ्या ओळखीचं एक कुटुंब राहतं. घरातला कर्ता माणूस आठवडे बाजारात फळं विकायचा. २०२३ च्या डिसेंबरात बाजार उरकून सायकलवरून घरी येताना त्याला मागून कुठल्यातरी वाहनाने उडवलं. वाहन थांबलं नाही. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, 'अज्ञात वाहन' अशी नोंद झाली. ते सगळे कागद त्याच्या बायकोने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले. पुढची दोन वर्षं त्या कागदांचं काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिला कायद्याने दोन लाख रुपये मिळू शकतात, हे मलाही माझ्या गाडीच्या क्लेमसाठी नियम वाचत बसलो तेव्हाच कळलं.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. आम्ही एखादी यंत्रणा बनवतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ही वापरणार कोण? वाहन विम्याची यंत्रणा पॉलिसी असलेल्या माणसासाठी बनली आहे. ज्याच्याकडे पॉलिसी नंबर आहे, त्याच्यासाठी अ‍ॅप आहे, टोल फ्री नंबर आहे, सर्व्हेअर आहे. जो सायकलवर आहे किंवा पायी चालला आहे, त्याच्यासाठीही कायद्यात तरतूद आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता त्याच्या घरच्यांना कोणी दाखवत नाही.

आधी गाडीचं पाहू, कारण तिथेही लोकांचा गोंधळ होतो. कायद्याने सक्तीचा आहे तो 'थर्ड पार्टी' विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई त्यातून होते. आपल्या गाडीला कोणी ठोकून पळालं तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. ठोकणारा सापडला, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा लावता येतो. तो सापडलाच नाही, तर आपल्या गाडीचा खर्च फक्त आपल्या 'फर्स्ट पार्टी' म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीतून निघतो. तिथेही काही रक्कम कापली जाते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे एक हजार रुपये आणि त्यावरच्या कारला दोन हजार रुपये मालकाला भरावे लागतात. झीरो डेप्रिसिएशन घेतलं नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते.

मोठा फटका बसतो नो क्लेम बोनसला. क्लेम न करता वर्षं गेली की प्रीमियमच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर २० टक्क्यांपासून सवलत सुरू होते आणि पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की साधारणपणे ती शून्यावर येते. चूक आपली नसली, गाडी नुसती उभी असली, तरीही येते. म्हणून दोन-तीन हजारांच्या पोच्यासाठी क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. क्लेम करायचाच असेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावं आणि पोलिसांत नोंद करून ठेवावी. कंपनीने अन्यायाने नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं. त्याचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

गाडीवाल्याला कुरकुर करायला जागा आहे, हे खरं. पण कुरकुर करायला त्याच्याकडे एक दार तरी आहे. आता माणसाचं पाहू.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६१ मध्ये, अज्ञात वाहनाने ठोकरून मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. पूर्वी ही रक्कम मृत्यूसाठी २५ हजार आणि गंभीर इजेसाठी साडेबारा हजार होती. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार झाली. यासाठी मेलेल्या माणसाचा कोणताही विमा असावा लागत नाही. चूक कोणाची होती हेही सिद्ध करावं लागत नाही. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. त्याने एका महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पुढच्या पंधरा दिवसांत पैसे थेट बँक खात्यात जमा करायचे. कागदावरचा हिशेब दोन महिन्यांचा आहे.

प्रत्यक्षात काय होतं? १२ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन खटल्यात जो आदेश दिला, त्यात आकडे नोंदवले आहेत. २०२२ साली देशात ठोकरून पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईचे अर्ज आले २०५ आणि निकाली निघाले ९५. म्हणजे हजार अपघातांमागे तीन अर्ज. त्या २०२२ सालच्या अपघातांत तीस हजारांहून जास्त माणसं मेली होती.

लोकांना ही योजनाच माहीत नाही, हे न्यायालयाने ओळखलं आणि जबाबदारी पोलिसांवर टाकली. अपघातानंतर एक महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याच्या प्रमुखाने जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची आहे. दावा चौकशी अधिकाऱ्याचा संपर्कही द्यायचा आहे. शिवाय अपघाताचा प्राथमिक अहवाल पोलिसांनी महिन्याच्या आत त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती असावी आणि तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसावं, असंही आदेशात आहे. त्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिवही आहेत.

तोच जानेवारी महिना आपल्याला वेगळ्याच कारणासाठी आठवतो. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. त्याविरुद्ध १ आणि २ जानेवारीला ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने माघार घेतली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. थांबलो तर जमाव मारेल, ही भीती खरी आहे. आपल्या समाजातले कितीतरी तरुण ट्रकवर चालक आणि क्लीनर आहेत, त्यांच्या घरी ही भीती रोजची आहे. पण शिक्षा किती असावी यावर गावोगावी चर्चा झाली आणि दहा दिवसांनी आलेल्या भरपाईच्या आदेशाबद्दल कोणी बोललं नाही. शिक्षेने मेलेल्याच्या घरची चूल पेटत नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांना हा विषय दूरचा नाही. नगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांच्या पाळ्या रात्री सुटतात आणि कामगार अंधारात पायी किंवा दुचाकीवर घरी निघतात. सोलापूर रस्त्यावर यवत, पाटस, कुरकुंभ इथे तेच. गळीत हंगामात मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. या रस्त्यांच्या कडेला गॅरेज, पंक्चरची दुकानं, फळांच्या गाड्या चालवणाऱ्यांत आपले लोक बरेच आहेत. वाहनांच्या सर्वांत जवळ तेच उभे असतात.

म्हणून काही गोष्टी आपल्यालाही बदलाव्या लागतील.

पहिली शवविच्छेदनाची. आपल्याकडे दफन लवकर व्हावं, मय्यतीची चिरफाड होऊ नये, अशी घरच्यांची इच्छा असते. ती भावना समजण्यासारखी आहे. पण ओळखीपाळखी लावून शवविच्छेदन टाळलं, तर मृत्यू अपघाताने झाला याचा सर्वांत भक्कम पुरावा आपणच मातीत घालतो. चौकशी अधिकाऱ्याला तो अहवाल लागतोच. सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आहे. तेव्हा उशीर टाळण्यासाठी धावपळ करावी, शवविच्छेदन टाळण्यासाठी करू नये.

दुसरी, 'मेलेल्याचे पैसे कसे घ्यायचे' हा संकोच. कोणी म्हणतं नशिबात होतं, कोणी म्हणतं विम्याचा पैसा नको. ही रक्कम मृताने काढलेल्या विम्याची नाही. ती कायद्याने वारसांना दिलेला हक्क आहे. मृताच्या वारसांना भरपाई देण्याची कल्पना इस्लामी परंपरेतही 'दियत' या नावाने जुनीच आहे. संकोच करणारे बहुधा बाहेरचे असतात आणि फी भरायची असते त्या घरातल्या मुलांची.

तिसरी, अर्जात विधवेचं नाव. अर्ज दीर करतो, खातं सासऱ्याचं दिलं जातं आणि जिच्या पदरात लेकरं आहेत तिला पैशाचा पत्ताही नसतो. तिचं स्वतःचं बँक खातं आणि ओळखपत्र आधी तयार करा.

चौथी, नंबर शोधण्याची घाई. वाहन सापडलं तर चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख मिळू शकतात आणि न्यायाधिकरणात उत्पन्नाच्या हिशेबाने त्याहून अधिक. म्हणजे नंबर प्लेट दिसली की नाही, यावर त्या घराचे निदान तीन लाख अवलंबून असतात. ढाब्यांचे, पंपांचे कॅमेरे जुनं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसतात, तो त्यांच्या डीव्हीआरचा स्वभावच आहे. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी दोन जणांनी रस्त्यावरचे कॅमेरे पाहत जावं आणि चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलिसांना द्यावा. टोल नाक्याजवळचा अपघात असेल तर फास्टॅगच्या नोंदी तपासण्याची मागणीही त्यातच करावी.

पाचवी, दुचाकीवाल्यांसाठी. मालक स्वतः गाडी चालवताना अपघातात गेला, त्याच्याकडे वैध लायसन्स असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण असेल, तर वारसांना १५ लाख मिळतात. ठोकणारा सापडो वा न सापडो. प्रीमियम कमी दिसावा म्हणून हे कलम गाळलं जातं. आज रात्री आपली पॉलिसी उघडून ते आहे का, ते पाहा. जखमी झालेल्यांसाठी मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मोफत उपचारांची केंद्राची योजना आहे, तीही लक्षात ठेवा.

पण सगळा भार लोकांवर टाकून चालणार नाही. मुख्य मागणी प्रशासनाकडेच आहे. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याने अज्ञात वाहनाच्या गुन्ह्यात वारसांना लेखी माहिती दिली की नाही, हे जिल्हा समितीने तपासावं आणि किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावं. यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, तो पाळला की झालं. आणि तोपर्यंत मशिदीच्या फलकावर, ग्रामपंचायतीत, गणेश मंडळाच्या कट्ट्यावर या अर्जाचा नमुना लावायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या फळविक्रेत्याच्या बायकोचा अर्ज आम्ही दोघा-तिघांनी मिळून भरला. ट्रंकेतल्या पिशवीत जवळजवळ सगळे कागद निघाले. पहिल्या कार्यालयात सांगितलं गेलं, "असा अर्ज आमच्याकडे येत नाही." न्यायालयाच्या आदेशाची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा पोच मिळाली. त्याला आता चार महिने होत आले. माझ्या गाडीचा दरवाजा आठवड्यात सरळ झाला होता. आम्ही दर पंधरवड्याला चौकशीला जातो आणि पैसे जमा होईपर्यंत जात राहू.