घड्याळ किती खरे हवे?

विमान म्हटले की पंख आठवतात, इंजिन आठवते. घड्याळ कोणाला आठवत नाही. परंतु आकाशातली वाहतूक बऱ्याच अंशी चालते ती घड्याळावरच. रडारच्या टप्प्याबाहेर एकाच मार्गाने, एकाच उंचीवर जाणाऱ्या दोन विमानांतले अंतर अनेकदा मिनिटांत राखतात; सामान्यतः १० किंवा १५ मिनिटांचे. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा की, नियंत्रण-कक्षातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेपासून ३० सेकंदांहून अधिक ढळता कामा नये. जेथे संदेश डेटालिंकने जातात, तेथे ही सूट १ सेकंदावर येते.

उपग्रहांच्या साह्याने विमानाचे स्थान काढायचे, तर मात्र सेकंद हे माप फारच जाडेभरडे ठरते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात रेडिओलहर ३०० मीटर जाते. उपग्रहाच्या घड्याळात एवढीच चूक राहिली, तरी त्याचे अंतर ३०० मीटरने चुकणार. धुक्यात धावपट्टी शोधणाऱ्या वैमानिकाला हे परवडेल काय?

आपल्या देशाला हा धडा महागात पडला. २०१३ साली सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरील तिन्ही परदेशी अणुघड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण स्थान सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. भारतीय बनावटीचे अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला, तो २९ मे २०२३ रोजी.

अशी घड्याळे घडवणारी माणसे येणार कोठून? महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतूनच ना? आणि तेथे काय चालते? लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे, म्हणून रीडिंगे उलट हिशेबाने जर्नलात बसवली जातात आणि त्यांवर सहीही होते! उत्तर बरोबर येते, पण मोजणे कोणी शिकत नाही.

३० सेकंदांची सूट देणाऱ्या नियमाने घड्याळ चुकते हे आधीच मान्य केले आहे. किती चुकले तर चालेल, एवढेच तो ठरवतो. आपले विद्यार्थी नेमके हेच शिकत नाहीत. म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, प्रात्यक्षिकात उत्तराला जेवढे गुण, तेवढेच चुकीच्या प्रामाणिक अंदाजालाही द्यावेत. ९५० आले तर ९५० लिहावे आणि ३० कोठे गेले ते शोधावे. हे शोधणारा विद्यार्थीच उद्या घड्याळ दुरुस्त करील.