मूल हे रणांगण नव्हे : सामुराई, झेन आणि आपल्या घरातले काडीमोड



सामुराई आणि झेनची वचने सध्या आपल्या तरुणांच्या मोबाइलवर खूप फिरतात. 'योद्ध्यासारखे लढा, माघार घेऊ नका.' अभ्यासाला, व्यायामाला हे ठीक आहे. पण जव्हार-मोखाड्यात काम करताना हीच भाषा आम्हाला काडीमोडाच्या भांडणात ऐकू येते. 'पोरगं सोडणार नाही' असे दोन्ही बाजू म्हणतात, आणि पोराला कोणी विचारत नाही.

खरे तर सामुराईंच्या काळात झेनने घटस्फोटाच्या प्रश्नावर वेगळीच वाट दाखवली होती. जपानमधील कामाकुरा येथे १२८५ साली काकुसान या भिक्खुणीने तोकेई-जी हे विहार स्थापन केले. ती सामुराई सत्ताधीश होजो तोकिमुने याची विधवा. पुढे एदो काळात नवऱ्याने साडेतीन ओळींची सोडचिठ्ठी लिहून दिल्याशिवाय बायकोची सुटका नसे. छळ सोसणारी स्त्री या विहाराच्या आश्रयाला येई. विहार दोन्ही घरांना बोलावून समेट घडवी. ते जमले नाही तर ती ठरलेला काळ विहारात राही आणि मोकळी होई. १८७३ मध्ये जपानच्या कायद्याने स्त्रियांना घटस्फोटासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क दिला.

पण डोळे झाकून हेही स्वीकारू नये. त्या कुळव्यवस्थेत मुलांवर हक्क पित्याच्या घराचा मानला जाई. स्त्री सुटली, तरी मूल मागे राही. शिवाय विसाव्या शतकात अनेक झेन आचार्यांनी जपानच्या युद्धखोरीला साथ दिली. म्हणून आपली कसोटी बाबासाहेबांचीच. रोहिणीच्या पाण्यासाठी युद्ध नको म्हणणारा सिद्धार्थ त्यांनी आपल्यापुढे ठेवला. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. घटस्फोटाचा हक्क त्या बिलात होता.

आता आपल्या तालुक्यांकडे पाहू. बौद्धांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे. स्टँप पेपरवरची फारकत, तशी रूढी सिद्ध झाली नाही तर, न्यायालयात टिकत नाही. आपल्या शेजारच्या वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांना मात्र हा कायदा लागू नाही. अनुसूचित जमातींना तो कलम २(२) नुसार वगळतो. त्यांचे काडीमोड रूढीने होतात. मुलाचा प्रश्न मात्र गावच्या बैठकीत कायमचा मिटत नाही. न्यायालय मुलाचे हित पाहते. बौद्धांना लागू असलेल्या १९५६ च्या पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहावे असे म्हटले आहे.

इथे स्थलांतराचा पेचही आहे. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात, मूल आजीकडे राहते. अशा घरात 'ताबा कोणाचा' यापेक्षा शाळा कुठली, दुखणे-खुपणे कोण बघणार, भेट कधी, हे प्रश्न मोठे असतात.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सुचवतो. एक, विहारात महिलांच्या पुढाकाराने समुपदेशनाचा दिवस ठेवा, पण विहाराची जातपंचायत होऊ देऊ नका. दंड नको, बहिष्कार नको. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन, मारहाण असेल तिथे समेटाचा आग्रह धरू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. तीन, महिला, मुले, अनुसूचित जाती आणि जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा १५१०० हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा.

झेनमधून घ्यायचेच असेल तर तलवार नको, तोकेई-जीचे उघडे दार घेऊ. फक्त आपल्या दारातून आईबरोबर मूलही आत आले पाहिजे.