नाताळ सप्टेंबरात सुरू झाला तर बिघडलं कुठे?

फिलिपीन्समध्ये १ सप्टेंबरला नाताळ सुरू होतो. त्यासाठी कुणी फर्मान काढत नाही आणि चर्चच्या दिनदर्शिकेतही त्या तारखेला नाताळाचं काही नसतं. तरीही त्या दिवसापासून मनिलाच्या मॉलमध्ये आणि रेडिओवर गायक होजे मारी चान यांचा आवाज घुमू लागतो. त्यांचा ‘ख्रिसमस इन अवर हार्ट्स’ हा अल्बम १९९० सालचा. तीन दशकं उलटून गेली, तरी सप्टेंबर उजाडला की लोकांना आधी तोच आठवतो. ज्यांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ येतं, ते वर्षातले चारही महिने तिथे नाताळाचे मानतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सांतो निन्योचा, म्हणजे बाळ येशूचा सण होतो, तेव्हा कुठे हा मोसम ओसरतो.

इतरत्र एवढी मोकळीक नसते. ब्रिटन-अमेरिकेत दुकानांमध्ये हॅलोविनच्या आधी नाताळाचं सामान दिसलं की दरवर्षी तीच कुरकुर ऐकू येते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खिडकीत दिव्यांची माळ लावणाऱ्याला शेजारी विचारतात, “आत्तापासूनच?” घरातली मंडळी डोळे फिरवतात, कार्यालयातले सहकारी हसतात. उत्साही माणूस मग एकतर माळ काढून ठेवतो किंवा एकटाच आनंद करतो. त्याने माळ काढू नये. लवकर सुरू होणाऱ्या नाताळाला उतावीळपणा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी त्यामागचे हिशेब कधी पाहिलेलेच नसतात.

पहिला हिशेब अंतराचा. सुमारे २० लाख फिलिपिनो परदेशात नोकरी करतात. कुणी आखाती देशांत घरकाम करतं, कुणी रुग्णालयात परिचारिका असतं, कुणी मालवाहू जहाजावर खलाशी असतं. त्यांच्यापैकी अनेकांना २५ डिसेंबरला रजा मिळत नाही. ते स्वतः येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचं खोकं घरी येतं. ‘बालिकबायान बॉक्स’ नावाच्या या भल्यामोठ्या खोक्यात साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, मुलांचे बूट असं काय काय महिनोन् महिने साठत जातं. विमानाने पाठवणं महाग पडतं, म्हणून ते जहाजाने जातं आणि दूरच्या देशातून घरी पोहोचायला कित्येक आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. डिसेंबरात मुलांच्या हाती पडायला हवं तर ते ऑक्टोबरात बंदरावर असलं पाहिजे. ते भरणाऱ्या आईचा नाताळ सप्टेंबरात सुरू झालेला असतो. तिला “अजून वेळ आहे” असं सांगण्यात काय अर्थ आहे?

मराठी घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या मुलांसाठी दिवाळीचा फराळ पाठवायचा तर इथली कढई आधीच चढते. पेणच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती तर गणेशचतुर्थीच्या कितीतरी महिने आधी जहाजात चढलेल्या असतात. त्या मूर्तिकाराला उतावीळ कुणी म्हणत नाही.

दुसरा हिशेब हातांचा. मनिलाच्या उत्तरेला पाम्पांगा प्रांतात सान फर्नांडो नावाचं शहर आहे. तिथे डिसेंबरात प्रचंड आकाशकंदिलांची स्पर्धा होते. एकेक कंदील सुमारे २० फूट उंच असतो आणि त्यात हजारो दिवे असतात. ते संगीताच्या तालावर नाचवण्याची जुनी युक्ती बघण्यासारखी आहे. पत्र्याची मोठी पिंपं फिरत असतात आणि त्यांवर ठरावीक जागी चिकटपट्टी लावलेली असते. प्रत्येक दिव्याच्या तारेला जोडलेली केसांची पिन पिंपावर टेकलेली असते. पिन उघड्या पत्र्यावर आली की दिवा लागतो, पट्टीवर आली की विझतो. कुठली पट्टी कुठे चिकटवायची याचं गणित वस्तीतले कारागीर पिढ्यान् पिढ्या सांभाळत आले आहेत. एका वस्तीने एक कंदील उभा करायचा म्हणजे वर्गणी आली, वेल्डिंग आलं, रंगसंगतीवरची भांडणं आली आणि रात्री-रात्रीची जागरणं आली. काही मिनिटांच्या त्या नाचामागे कित्येक आठवडे जातात. या माणसांना नाताळाचा आनंद फक्त स्पर्धेच्या रात्री मिळतो, असं कोण म्हणेल?

गोव्यात आणि वसईतही मोसम असाच हातांनी सुरू होतो. केकमध्ये घालायचे मनुके आणि साली कित्येक घरांत महिना-दोन महिने आधी रममध्ये भिजत पडतात. दोदोल तासन् तास घोटावा लागतो आणि एकट्याचा हात त्याला पुरत नाही. बेबिंकाचा एक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. कुलकुल वळायला सगळं घर टेबलाभोवती बसतं आणि मुलांच्या हातात काटे-फण्या दिल्या जातात. बांबू आणि कागदाचं नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, बनवायचं, येशूजन्माचा गोठा रचायचा, शेजाऱ्यांकडे ताटं पाठवायची. यातलं काहीच २४ तारखेच्या संध्याकाळी उरकता येत नाही. ज्या घरचा माणूस जहाजावर नोकरीला आहे आणि ज्याचा करार डिसेंबरातच सुरू होतो, तिथे तर पहिला केक तो निघण्याआधी कापण्यातच शहाणपण आहे.

तिसरा हिशेब मजुरांचा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. लवकर खरेदी करा, हा आग्रह आज बाजाराचा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तो कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाईने धरला होता. फ्लॉरेन्स केली या नॅशनल कंझ्युमर्स लीगच्या नेत्या. नाताळाच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत दुकानांतल्या मुली आणि निरोप्याचं काम करणारी पोरं रात्री उशिरापर्यंत राबताना त्या पाहत होत्या. सणाच्या नावाखाली चाललेल्या या छळावर त्यांनी १९०३ साली लिहिलं. लीगने ग्राहकांना विनवलं की खरेदी आधीच उरका, म्हणजे काउंटरमागच्या माणसालाही नाताळ मिळेल. आज गोदामांत आणि दुचाक्यांवरून पार्सलं पोहोचवणाऱ्यांकडे पाहिलं तर ती विनवणी जुनी झालेली नाही. जो ग्राहक ऑक्टोबरातच भेटवस्तू मागवतो, तो डिसेंबरातल्या कुणाच्या तरी पाठीवरचं ओझं थोडं हलकं करतो.

पैशाच्या बाबतीत फिलिपीन्सने हा मोसम कायद्यातही गुंफला आहे. १९७५च्या अध्यक्षीय आदेशाने तिथे तेराव्या महिन्याचा, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा जादा, पगार आला. सुरुवातीला तो कमी पगाराच्या कामगारांपुरताच होता. १९८६ साली ती मर्यादा काढली गेली. मालकाने तो २४ डिसेंबरच्या आत द्यायचा असतो.

मात्र लवकर आलेला प्रत्येक नाताळ लोकांचा नसतो. २०२४ साली व्हेनेझुएलाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांनी देशात १ ऑक्टोबरपासून नाताळ सुरू होईल असं जाहीर केलं. जुलैतल्या वादग्रस्त निवडणुकीनंतर विरोधकांची धरपकड सुरू होती आणि लोक रस्त्यावर उतरले होते. तिथल्या कॅथलिक बिशपांनी स्पष्ट सांगितलं की नाताळ कधी आणि कसा साजरा करायचा हे चर्च ठरवतं, त्याचा राजकीय प्रचारासाठी वापर होऊ नये. बिशपांचं बरोबर होतं. फिलिपीन्सच्या सप्टेंबराशी या फर्मानाची तुलना होऊच शकत नाही. लोक स्वतः आनंद सुरू करतात तेव्हा शेजाऱ्याला त्यात न येण्याची मुभा असते. सत्ता तो सुरू करते, तेव्हा लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं असतं.

श्रद्धावान ख्रिस्ती माणसाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो ऐकायला हवा. नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ, वाट पाहण्याचा आणि मनाची तयारी करण्याचा. सप्टेंबरपासूनच जल्लोष झाला तर वाट कशाची पाहायची? याचंही उत्तर फिलिपीन्समध्येच सापडतं. तिथे १६ ते २४ डिसेंबर सलग नऊ दिवस ‘सिम्बांग गाबी’ची मिस्सा होते, पुष्कळ ठिकाणी पहाटे चारच्या सुमाराला. शेतकऱ्यांना ऊन चढण्याआधी शेतावर जाता यावं म्हणून स्पॅनिश काळापासून ही वेळ पडली, असं सांगतात. चर्चबाहेर केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची बिबिंगका वाफाळत असते. तीन महिने गाणी ऐकलेला तोच माणूस नऊ दिवस अंधारात उठून प्रार्थनेला येतो. लवकर आनंद करणाऱ्याची भक्ती पातळ होते, या समजाला त्या गर्दीत तरी आधार मिळत नाही.

निरुत्साही माणसांचंही ऐकलं पाहिजे. कुणाच्या घरात त्या वर्षी माणूस गेलेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला हा सण एकटेपणाची आठवण देतो. पाश्चात्त्य देशांतली अनेक चर्च अशा लोकांसाठी वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या सुमारास वेगळी, शांत उपासना ठेवतात. त्या माणसाला “जरा उत्साह दाखव” असं म्हणणं क्रूर आहे. पण दुःख आणि सण यांचं नेहमीच वाकडं असतं असंही नाही. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने फिलिपीन्समधलं ताक्लोबान शहर उद्ध्वस्त केलं आणि देशात सहा हजारांहून अधिक माणसं मेली. पुढच्याच महिन्यात तिथले लोक छपरं उडालेल्या चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला उभे राहिले. त्यांना उत्सवाची घाई झाली आहे, असं कुणी म्हणू धजलं नाही.

तेव्हा हाउसिंग सोसायटीच्या जिन्यात कुणी नोव्हेंबरातच चांदणी लावली, तर शेजाऱ्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: वायरिंग नीट आहे ना आणि गाणी रात्री दहाला बंद होतील ना. लावणाऱ्यानेही दोन्हींची हमी द्यावी, केकचा पहिला तुकडा शेजारी पाठवावा आणि त्या बदल्यात कुणी उत्साह दाखवावा अशी अपेक्षा ठेवू नये. तारीख मात्र त्याची त्याला ठरवू द्यावी.