दारिद्र्य मोजताना गिरणीचा भोंगाही मोजा

सियालदहहून सुटणारी लोकल बजबजला थांबते. या स्थानकाला आता 'कोमागाटा मारू'चे नाव जोडले आहे. १९१४ साली त्या जहाजातून उतरलेल्या प्रवाशांवर याच गावी गोळीबार झाला होता. आज गावात तेलाचे डेपो आहेत आणि हुगळीकाठी ज्यूट गिरण्या. या गिरण्यांतला बदली कामगार गरीब की गरीब नव्हे?

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांचा आधार घेऊन दारिद्र्याची रेषा आखली. ते काम मोठेच होते. पण २०११ साली नियोजन आयोगाने शहरात माणशी रोज ३२ रुपये पुरेत असे सर्वोच्च न्यायालयात सांगितले, तेव्हा रेषेची थट्टाच झाली.

२०२१ पासून नीती आयोग बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक काढतो. आहार, बालमृत्यू, शाळा, संडास, पाणी, जळण, घर अशी १२ मापे त्यात आहेत. ही दिशा बरोबर आहे. हातात पडणारी रक्कम सारखी असली, तरी रेल्वेचे क्वार्टर आणि इस्पितळ असलेला खलाशी व झोपडपट्टीत भाडे भरणारा कंत्राटी सफाई कामगार यांची परिस्थिती एक नसते, हे आपल्या बंधूंना सांगायला नको. मात्र घरात बँकेचे किंवा पोस्टाचे एक खाते असले की एका मापात कुटुंब पास! शिल्लक किती, ते काउंटरवर बसणाऱ्यालाच ठाऊक.

खरी खोट पुढेच आहे. या १२ मापांत रोजगार कुठेच नाही. बदली कामगाराला गेटवरून परत पाठवले की त्या दिवसाची मजुरी बुडाली. 'काम बंद'ची नोटीस लागली, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी थकली, तरी घरातली वीज, संडास, खाते जागच्या जागी असते, म्हणून निर्देशांकात तो गरीब ठरत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने हे भोगले आहे. दिवे लगेच विझले नाहीत. आधी बायकांच्या अंगावरचे डाग गहाण पडले.

कामगार चळवळीला हा हिशेब नवा नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना अन्नाबरोबर कापड, घरभाडे व इंधन धरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी व म्हातारपण यांसाठी २५ टक्के वाढवले. मग दारिद्र्य मोजताना वर्षातले कामाचे दिवस आणि भरलेला फंड ही १३ वे व १४ वे माप म्हणून का धरू नयेत? महासंघाने ही मागणी लेखी करावी आणि ती मापे बजबजच्या बदली कामगाराबरोबर आपल्या ग्रामीण डाक सेवकालाही लावून दाखवावीत.